घसरण्याची मुभा

(द्वितीय वर्ष, कला)

माणूस चुकांतून शिकतो, हे वाक्य आपण शाळेच्या फळ्यावर वाचले, बक्षीस समारंभाच्या भाषणांत ऐकले आणि निबंधात लिहून त्यावर गुणही मिळवले. इतके सर्वमान्य झालेले वाक्य तपासून पाहण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. माझे मत असे की, हे वाक्य अर्धेच खरे आहे. चुकलेला माणूस पुष्कळदा काहीच शिकत नाही. तो नुसता घाबरतो, आणि पुढच्या वेळी ज्या वाटेने चूक होण्याचा संभव आहे ती वाट टाळतो. चुकीने काही शिकवायचे असेल तर दोन गोष्टी लागतात. एक, ती चूक परवडणारी असावी. दोन, ती नेमकी कुठे झाली हे डोळ्यांना दिसावे. हा विचार मला कोणत्याही ग्रंथात सापडलेला नाही. गेले वर्षभर एका टेबलावर धावणारी, किंबहुना धावण्याऐवजी सतत घसरणारी आगगाडी पाहताना तो सुचला.

आमच्या चाळीत रेल्वेच्या डिझेल शेडमधून निवृत्त झालेले एक फिटर राहतात. सारी चाळ त्यांना मामा म्हणते. त्यांच्या जर्मनीत नोकरीला असलेल्या भाच्याने एक जुना आगगाडीचा संच आणून दिला : दोन इंजिने, काही डबे, पोतेभर रूळ. गेल्या दिवाळीत मामांनी व्हरांड्यात फळी टाकली आणि काम सुरू केले. विज्ञान शाखेतला माझा एक मित्र त्यांचा विद्युत-अभियंता झाला. मी कला शाखेचा, त्यामुळे माझ्याकडे वायर धरणे, चहा आणणे आणि पाहणे ही तीन खाती आली. तिसरे खाते मी मन लावून सांभाळले.

खेळण्यातली गाडी आणि लघुरेल्वे यांत फरक आहे, हे इथे सांगितले पाहिजे. खेळण्याला माप नसते. लघुरेल्वेत प्रत्येक वस्तू एका ठरलेल्या प्रमाणात लहान केलेली असते. जर्मनीतल्या मार्क्लिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांचे रूळ आणि त्यांवरची गाडी मांडली. पुढे जोडत वाढवता येईल अशी रेल्वे ही कल्पना तिथून रुजली. इंग्लंडात फ्रँक हॉर्नबीने १९२० मध्ये चावीच्या गाड्या बाजारात आणल्या. आज जगात सर्वांत जास्त चालणारे माप 'एच-ओ' नावाचे आहे. त्यात सत्त्याऐंशी फुटांचा एक फूट होतो आणि दोन रुळांतले अंतर असते १६.५ मिलिमीटर. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना मी काय म्हणतो ते चटकन कळेल. बाकीच्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की, या छंदात दाढीमिशा पांढऱ्या झालेली माणसे फूटपट्टी घेऊन बसतात आणि दोन मिलिमीटरवरून वर्षानुवर्षे वाद घालतात.

हा वाद पोकळ नाही. नवशिक्याची पहिली चूक होते ती मापातच. मामांना 'आपली' गाडी हवी होती. कुर्डुवाडीवरून जाणारी, लांब डब्यांची. पण जर्मन संचाचे रूळ १६.५ मिलिमीटरचे. ते तिथल्या रेल्वेला बरोबर बसतात. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. तिला सत्त्याऐंशीने भागले तर सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. म्हणजे त्या रुळांवर आपले इंजिन ठेवले तर ते जवळजवळ तीन मिलिमीटर अरुंद पायांवर उभे राहते. मामांनी हे गणित केले ते दोन डब्यांची लाकडी सांगाडी कोरून झाल्यावर. मग काही दिवस ते कुणाशी बोलले नाहीत.

मामांना दिलासा वाटावा अशी एक हकिकत आहे. इंग्रजांनी हीच चूक राष्ट्रीय पातळीवर केली आहे. त्यांची इंजिने युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने बारीक असत. एच-ओ मापात त्यांच्या पोटात त्या काळची मोटार मावेना. तेव्हा त्यांनी इंजिन तेवढे मोठे केले, फुटाला चार मिलिमीटर या हिशेबाने, आणि रूळ मात्र जुन्याच मापाचे ठेवले. या 'डबल ओ' मापात रुळांमधले अंतर खरे पाहता १८.८३ मिलिमीटर हवे, ते १६.५ च राहिले. आजही इंग्लंडातल्या असंख्य घरांतून धावणाऱ्या गाड्या या अरुंद रुळांवरच धावतात. काही हट्टी मंडळींनी पुढे १८.८३ चे रूळ स्वतः टाकायला सुरुवात केली, पण बाजारात पसरलेले माप बदलले नाही. पहिल्या दिवशीची सोय कधीकधी कायमचा नियम होऊन बसते, ती अशी.

आणि टेबलावर जे घडते ते देशातही घडले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती साडेपाच फुटी रुळांवरून. पुढे खर्च फार होतो म्हणून १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या सरकारने मीटरगेजचा निर्णय घेतला. संस्थानांनी आणि खाजगी कंपन्यांनी त्याहूनही अरुंद रूळ टाकले. परिणामी जिथे दोन गेज भेटत तिथे माणसांनी गाडी बदलायची आणि हमालांनी पोतीच्या पोती एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकायची. हे सारे एकसारखे करण्याचा कार्यक्रम सरकारने हाती घेतला तो १९९२ मध्ये. मामांना लाकडी सांगाड्यांचे नुकसान भरून काढायला तीन रविवार लागले.

दुसरी चूक हावरेपणाची. फळी सहा फूट बाय चार फूट. त्यावर मामांना स्टेशन हवे, मालधक्का हवा, पंढरपूरची फाटाफुटीची लाईन हवी, आणि घाट तर हवाच. कागदावर काढलेला पहिला आराखडा ताटात कुरडई वाढल्यासारखा दिसत होता. त्यात एक गाडी दुसऱ्या गाडीच्या डोक्यावरून पुलाने जाणार होती. मित्राने हिशेब मांडला. खालची गाडी सुखरूप जाण्यासाठी वरचा रूळ किमान साडेसात सेंटिमीटर उचलावा लागतो. पन्नासात एक असा सोसवणारा चढ घेतला तर त्यासाठी पावणेचार मीटर लांबी लागते, आणि वर गेलेल्या गाडीला खालीही यायचे असते. उतरणीची लांबी नवशिका हमखास विसरतो. सहा फुटी फळीच्या परिघावर चढ आणि उतार मिळून जागा संपते. मग स्टेशन ठेवायचे कुठे? मामा म्हणाले, "अरे, मी डिझेल शेडला आयुष्य काढलंय. चढेल." त्यांनी तो चढ सव्वा मीटरभरात बसवला.

भोर घाटाचा चढ ३७ ला १ आहे. १८६३ साली घाट सुरू झाला तेव्हा एका सरळ ओळीत इतके चढणे शक्य नव्हते म्हणून वाटेत गाडीची तोंडे उलटी फिरवण्याचे स्थानक ठेवावे लागले होते. माथेरानची दोन फुटी गाडी, १९०७ सालची, २० ला १ चढते आणि त्यासाठी तिने किती वळसे घेतले आहेत हे नेरळहून गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मामांचा चढ निघाला सोळाला एक. इंजिन अर्ध्यावर गेले आणि चाके जागच्या जागी गरगरू लागली. डबे तोडून एकटे इंजिन पाठवले तर ते चढले, पण माथ्यावर फळी एकदम सपाट होत होती. तिथे त्याची पुढची चाके हवेत उचलली गेली आणि ते शांतपणे बाजूला कलंडले. मामा त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी पूल काढून टाकला.

वळणांची गोष्ट मी जरा विस्ताराने सांगणार आहे, कारण तिच्यात माझे वडील येतात.

माझे वडील रेल्वेत चाबीवाले आहेत. आता कागदोपत्री त्या पदाचे नाव बदलले आहे, पण काम तेच : खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन आपल्या हद्दीतला रूळ रोज चालत तपासायचा, ढिल्या चाव्या ठोकायच्या, जोड पाहायचे. कॉलेजात जाणारा आमच्या घरातला मी पहिला. वडील मला भेटायला आले तेव्हा मामांनी त्यांना मोठ्या अगत्याने व्हरांड्यात नेले. त्या वेळी पाठीमागच्या वळणावर गाडी एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा उतरत होती. मामांनी चाके तपासली होती, डब्यांत वजन घातले होते, इंजिनाला तेल दिले होते. वडिलांनी गाडीकडे पाहिलेच नाही. ते खाली वाकले, गाल फळीला टेकवला आणि एक डोळा मिटून रुळाच्या रेषेत पाहू लागले. रूळ असाच पाहतात, हे मी लहानपणी अनेकदा पाहिले होते.

"फिटरसाहेब," ते म्हणाले, "ह्यो जोड गोलाईत टोकदार झालाय. गाडी हितंच उतरनार. इंजनाचा दोष न्हाई."

खरेच होते ते. लवचीक रुळाचे दोन तुकडे वळणावर जोडले की टोके सरळ राहू पाहतात आणि जोडापाशी बारीकसा कोपर तयार होतो. डोळ्यांना वरून तो दिसत नाही. चाकाला मात्र बरोबर सापडतो. त्यावर उपाय असा की, दोन्ही तुकडे सरळ असताना जोड डाखाने पक्का करायचा आणि मगच वाकवायचे. मामांनी तसे केले. वडिलांनी आणखी एक गोष्ट दाखवली. उजवीकडचे वळण संपते न संपते तोच रूळ डावीकडे वळत होता. मध्ये डब्याच्या लांबीएवढा तरी सरळ रूळ हवा. नाही तर पुढचा डबा एकीकडे ओढतो, मागचा दुसरीकडे, आणि मधला बिचारा बाहेर फेकला जातो. मी त्यांना विचारले की, खऱ्या रुळावर किती तीव्र वळण चालते. ते म्हणाले, "धा डिग्रीच्या वर न्हाई." धा डिग्री म्हणजे १७५ मीटर त्रिज्या. सत्त्याऐंशीने भागले तर दोन मीटर. म्हणजे मामांच्या फळीवर खऱ्या मापाने एक अर्धवर्तुळसुद्धा मावत नाही! नवशिक्यांच्या संचातली वळणे असतात अठरा इंच त्रिज्येची, आणि त्यांवर आपल्या लांब प्रवासी डब्यांची प्रतिकृती, जी पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास भरते, कोपरे बाहेर काढून विदूषकासारखी चालते. तेव्हा आखूड मालडबे घ्यायचे आणि लहान इंजिन जोडायचे हा शहाणपणाचा मार्ग. पंढरपूर एक्स्प्रेसचा नाद सोडायला मामांना दसरा उजाडला.

विजेची चूक माझ्या मित्राच्या खात्यावर. या गाड्यांत एक रूळ धन आणि दुसरा ऋण असतो; चाकांतून वीज मोटारीपर्यंत जाते. मित्राला वाटले, गाडी एका टोकाला फिरून त्याच रुळावर उलट तोंडाने परत यावी. घोड्याच्या नालेसारखा फेरा टाकला की झाले. फेरा टाकला. कळ दाबली. काहीच झाले नाही, फक्त ट्रान्सफॉर्मर गुरगुरला आणि तापला. कागदावर दोन रंगांच्या पेन्सिलींनी रूळ काढून पाहिल्यावर उलगडा झाला. फेरा पूर्ण होताच डावा रूळ उजव्याला जाऊन मिळत होता. धन आणि ऋण यांची सरळ गाठ पडत होती. फेऱ्याचा तुकडा दोन्ही टोकांना तोडून वेगळा करायचा आणि त्याला स्वतंत्र कळ द्यायची, हा त्यावरचा इलाज. मित्र पदार्थविज्ञानात नव्वदच्या वर गुण मिळवणारा आहे. तो मला म्हणाला, "विद्युत मंडल म्हणजे काय ते मला आज कळलं." गुणपत्रिकेला हे कळवण्याची सोय नाही.

शेवटची चूक मात्र अशी होती की तिने सर्वांनाच दमवले. पावसाळ्याआधी मामांनी उत्साहात डोंगर केला. जुनी वर्तमानपत्रे, खळ, वर हिरवा रंग, आत बोगदा. डोंगर फारच देखणा झाला, चाळीतली पोरे पाहायला आली. पण रूळ पुरेसे तपासण्याआधीच तो पक्का चिकटवला होता, आणि हात घालायला मागे दार ठेवले नव्हते. पावसाळ्यात खालची फळी, जिला आडव्या पट्ट्यांचा आधार दिला नव्हता, ती फुगून मधोमध बसली. गाडी बोगद्यात शिरायची आणि बाहेर यायची नाही. आत काय झाले? जोड निखळला, रूळ वाकला की नुसती धूळ साचून वीज तुटली? कळायला मार्ग नाही. टेबल भिंतीला टेकवलेले, त्यामुळे मागूनही जाता येईना. माझे हात लांब म्हणून छत्रीच्या काडीने डबे ओढून काढण्याचे काम माझ्याकडे आले. शेवटी मामांनी कणकेचा चाकू आणला आणि डोंगराच्या पाठीत हातभर भोक पाडले.

मला वाटते, आपल्या शिक्षणात नेमका हा मागचा दरवाजा ठेवायचा राहिला आहे.

वळणावरच्या जोडाची चूक आणि बोगद्यातली चूक यांतला फरक पाहा. जोडाच्या चुकीने मामांना आणि मलाही काही शिकवले, कारण गाडी जिथे उतरली त्या जागेवर बोट ठेवता आले. बोगद्यातल्या चुकीने, भोक पडेपर्यंत, काहीएक शिकवले नाही. नुसता मनस्ताप दिला. आमच्या परीक्षा बोगद्यासारख्या आहेत. उत्तरपत्रिका आत जाते आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या तोंडातून एक आकडा बाहेर येतो, ३७ किंवा ५२. कोणत्या जोडावर माझे चाक सुटले? प्रश्न कळला नाही, की कळला पण मांडता आला नाही, की वेळ पुरला नाही? छायाप्रत मागता येते, हे मला माहीत आहे. अर्ज, शुल्क आणि मुदत सांभाळून ती हातात आली तरी तिच्यावर बहुधा पुन्हा आकडेच असतात. समासात एखादे वाक्य लिहिलेले ज्याला मिळाले असेल तो भाग्यवान.

आता परवडण्याची गोष्ट. ज्यांच्या घरी आजोबा पदवीधर, वडील पदवीधर, त्यांच्या घरात एका विषयात नापास झालेला मुलगा हा चेष्टेचा विषय असतो. पुढच्या सत्रात तो पास होतो आणि गोष्ट मिटते. आमच्यासारख्यांच्या घरी तसे नसते. गेल्या वर्षी आमच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीचा एक विषय राहिला. फक्त एक. घरच्यांनी त्याच महिन्यात स्थळे पाहायला सुरुवात केली. ती आता वर्गात नाही. तिची चूक तपासून पाहायला कुणालाच सवड झाली नाही. अशा घरांतून आलेली मुले गाईड का वाचतात, असा प्रश्न प्राध्यापक मंडळी कधीकधी वैतागून विचारतात. उत्तर सोपे आहे. गाईडातले उत्तर सामान्य असेल, पण ते घसरत नाही. स्वतःच्या मनाने कवितेचा अर्थ लावायचा म्हणजे नव्या रुळावर गाडी घालायची. ती उतरली तर सावरायला आमच्या घरी दुसरे इंजिन नसते.

कुणी म्हणेल, हा सारा छंदाचा मामला आहे. जगात चुका करून चालत नाही. बरोबर आहे. माझ्या वडिलांच्या कामात एक चूक म्हणजे माणसे मरणे. भोर घाटातला मौकी माली येथील पूल बांधून अवघी काही वर्षे झाली असताना १८६७ मध्ये कोसळला, तेव्हा घाटातल्या बांधकामाच्या दर्जाविषयी जे प्रश्न उठले ते फार महागात विकत घेतलेले प्रश्न होते. पण म्हणूनच तर टेबल हवे! आमच्या भागातल्या बार्शी लाईट रेल्वेची गोष्ट मला या दृष्टीने फार मोलाची वाटते. १८९७ मध्ये सुरू झालेली ही अडीच फुटी गाडी एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने उभी केली. पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. इतक्या अरुंद रुळांवर इतके जड डबे चालतील की नाही याची लोकांना शंका होती. कॅलथ्रॉपने वाद घालण्याऐवजी इंग्लंडात लीड्सजवळ चाचणीचा एक छोटा मार्ग टाकला आणि बार्शीसाठी बनवलेल्या गाड्या तिथे चालवून पाहिल्या. जे काही उतरायचे, वाकायचे, मोडायचे ते तिथे. ज्या वारकऱ्यांनी पुढे त्या गाडीतून पंढरपूर गाठले त्यांच्यावर तो प्रयोग करायचा नव्हता. आता ती गाडी राहिली नाही, त्या मार्गावर ब्रॉडगेज झाली. पण ती रीत मला आजही नवी वाटते.

आणखी एक उदाहरण परदेशातले देतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९४६ साली विद्यार्थ्यांनी लघुरेल्वेचे मंडळ काढले. टेबलावर डोंगर, गावे, गाड्या. आणि टेबलाखाली टेलिफोनच्या जुन्या रिलेंचे जंगल, ज्यातून गाड्या नियंत्रित होत. टेबलावरचे सौंदर्य पाहणारा एक गट होता, टेबलाखाली आडवे पडून तारा जोडणारा दुसरा. १९५० च्या दशकाच्या अखेरीस संस्थेत संगणक आले तेव्हा त्यांच्याभोवती रात्री जागवणाऱ्या पहिल्या विद्यार्थ्यांत या दुसऱ्या गटातली मुले होती. 'हॅक' हा शब्द आज आपण वर्तमानपत्रात चोरीच्या अर्थाने वाचतो. त्या टेबलाखाली तो एखादी अडचण हिकमतीने सोडवण्यासाठी वापरला जाई. त्या मुलांना कुणी आगगाडीत गुण दिले नव्हते. मला तर वाटते, गुण दिले असते तर त्यांनीही टेबलाखाली गाईडच वाचले असते.

'कला शाखेत असे टेबल कुठून आणायचे?' असे आमचे एक सर मला म्हणाले. प्रश्न रास्त आहे. लाकडाच्या फळीवर मर्ढेकर मांडता येत नाहीत. तरीही काही गोष्टी अगदी हाताशी आहेत. आमच्या ग्रंथालयात कपाटांना कुलूप असते. चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव लिहून द्यायचे, पुस्तक बाहेर येते. याचा अर्थ, ज्याला आधीच नाव माहीत आहे त्यालाच पुस्तक मिळते. ज्याच्या घरी पुस्तकाचे कपाट नव्हते त्याला नाव कळणार कसे? त्याला चुकीची चार पुस्तके काढून, चाळून, परत ठेवण्याची संधी हवी. आठवड्यातून एक दुपार कपाटे उघडी ठेवली तर पुस्तके थोडी विस्कटतील, हे कबूल. मामांचे डबेही रोज विस्कटतात.

दुसरे निबंधाचे. सत्राच्या सुरुवातीला प्रत्येकाने एक निबंध लिहावा, त्याला गुण नसावेत, आणि सरांनी त्यात फक्त एक जागा दाखवावी जिथे गाडी उतरली आहे. संबंध निबंध तपासायचा नाही, एकच जोड. वर्गात शंभरावर मुले आहेत, सरांना आणखीही शंभर कामे आहेत, हे मी जाणतो. पण माझ्या वडिलांच्या हद्दीतही जोड पुष्कळ असतात. शिवाय हे काम सरांनीच केले पाहिजे असेही नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी दुसऱ्या वर्षाचे निबंध गाल फळीला टेकवून पाहावेत. वरून उभे राहून पाहण्यापेक्षा ते निश्चित बरे.

तिसरे, ग्रंथालयाशेजारच्या खोलीबद्दल. तिथे मोडकी बाके रचून ठेवली आहेत. मामांनी स्वतःहून सांगितले आहे की, पुढच्या पावसाळ्याआधी त्यांना व्हरांडा रिकामा करायचा आहे आणि कॉलेज जागा देत असेल तर फळी, रूळ आणि दोन्ही इंजिने ते द्यायला तयार आहेत. विज्ञान शाखेतला मित्र विजेचे काम पाहील. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ठरवले तर त्या फळीवर बार्शी लाईट उभी करता येईल. अडीच फुटी गाडीला ८७ च्या प्रमाणात पावणेनऊ मिलिमीटर लागतात आणि नऊ मिलिमीटरचे रूळ बाजारात मिळतात, म्हणजे या खेपेला माप जवळजवळ बरोबर बसते. कुर्डुवाडीला त्या गाडीवर काम केलेली वयस्कर माणसे अजून आहेत. त्यांच्याकडे जाऊन स्टेशने कशी होती, डबे कोणत्या रंगाचे होते, वारीच्या दिवसांत किती माणसे छतावर बसत, हे विचारून लिहून आणता येईल. खोलीला खिडकी एकच आहे आणि ती पश्चिमेला आहे, तेव्हा पावसाचे पाणी आत येते. खालच्या फळीला या वेळी दर दीड फुटावर आडवी पट्टी द्यायची, टेबल भिंतीपासून दोन फूट दूर ठेवायचे आणि डोंगर अगदी शेवटी करायचा, असे मामांनी वहीत लिहून ठेवले आहे. वही माझ्याकडे आहे. ज्याला पाहायची असेल त्याने मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर यावे.